क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडताना: हप्ता कसा ठरवायचा आणि सगळी देणी एका कर्जात गोळा करायची का

कार्डाच्या बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरा 'मिनिमम ड्यू', म्हणजे त्या महिन्यात किमान भरायची रक्कम. घर ओढाताणीत असलं की नजर दुसऱ्या आकड्यावर जाते. तेवढं भरलं की लेट फी लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत, महिना निभावतो. पण थकबाकी वर्षानुवर्षं का फिटत नाही याचं उत्तर त्याच आकड्यात आहे, म्हणून आधी त्याचा हिशोब मांडू.

समजा कार्डावर १,००,००० बाकी आहे (चलन कोणतंही धरा, गणित तेच). व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ड्यू बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढलं, बाकी १,०३,००० झाली, त्यावर तुम्ही ५,१५० भरले. पुढच्या महिन्यात बाकी थोडी घटलेली असते, म्हणून मिनिमम ड्यूही थोडा घटतो. नवीन काहीच खरेदी न करता वर्षभर असंच भरलंत, तर खिशातून साधारण ५५,००० जातात आणि बाकी ७७,००० च्या घरात राहते. म्हणजे ३२,००० नुसत्या व्याजात गेले.

आता एकच गोष्ट बदलू. पहिल्या महिन्याचा ५,१५० हा आकडा धरून ठेवायचा. बिलावर पुढे ४,९०० येवो की ४,२००, आपण ५,१५० च भरायचे. व्याजदर तोच, कार्ड तेच. तरीही सगळी बाकी ३० महिन्यांत शून्यावर येते. घटत जाणारा मिनिमम ड्यू भरणाऱ्याच्या कार्डावर त्याच ३० व्या महिन्यात ५२,००० शिल्लक असतात. काही देशांत मिनिमम ड्यू म्हणजे त्या महिन्याचं व्याज अधिक मुद्दलाचा फक्त १ टक्का. तिथे बाकी निम्मी व्हायलाच पावणेसहा वर्षं लागतात.

या लेखात पुढे व्याजदर, बॅलन्स ट्रान्सफर, एकत्रीकरणाचं कर्ज असं बरंच काही येईल. त्या सगळ्यात एक धागा सोडू नका: महिन्याला जी रक्कम देण्यांसाठी बाजूला काढता, ती देणी संपेपर्यंत खाली येऊ द्यायची नाही. व्याजदर कमी करून मिळालेला फायदा हप्ता कमी करण्यात घालवणारी घरं फार आहेत, आणि ती चूक कोणी समजावून सांगत नाही, कारण लांबलेल्या मुदतीत कर्ज देणाऱ्याचं भलं असतं.

मिनिमम ड्यूचा आकडा डोळ्यांसमोर असण्याचाही परिणाम होतो. ब्रिटनमधल्या नील स्टुअर्ट या मानसशास्त्रज्ञाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना मिनिमम रक्कम छापलेलं बिल दाखवलं आणि काहींना ती नसलेलं. बिल पूर्ण न भरता काही भागच भरणाऱ्यांमध्ये, ज्यांना ती रक्कम दिसली त्यांनी बरेच कमी पैसे भरायची तयारी दाखवली. म्हणून आपला आकडा बिल येण्याआधीच ठरवून ठेवावा.

आधी सगळं एका कागदावर

घरात किती देणी आहेत याचा नेमका आकडा बहुतेकांना माहीत नसतो. अंदाज असतो, आणि तो जवळजवळ नेहमी कमीच निघतो. एका संध्याकाळी घरातली कमावती आणि खर्च करणारी सगळी माणसं एकत्र बसा. प्रत्येकाची कार्डं, ॲड-ऑन कार्डं, दुकानाची कार्डं, 'आत्ता घ्या, नंतर भरा' वाल्या ॲपवरची देणी, सगळं बाहेर काढा. जोडीदारापासून लपवलेलं एखादं कार्ड असेल तर ते आजच सांगावं. सांगणाऱ्याला धीर लागतो आणि ऐकणाऱ्याने त्या संध्याकाळी तरी जाब विचारू नये. ते कार्ड यादीबाहेर राहिलं तर पुढचा सगळा हिशोब कोलमडतो.

प्रत्येक कार्डाचं शेवटचं पूर्ण स्टेटमेंट घ्या, ॲपवरची एका ओळीची रक्कम नको. त्यातून एवढं उतरवून घ्या: एकूण बाकी, महिन्याचा व्याजदर, मिनिमम ड्यू, ड्यू डेट, आणि त्या महिन्यात व्याज व फी म्हणून किती लागले. महिन्याचा दर वाचून फसू नका. महिन्याला ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ असं आपण पटकन म्हणतो, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाचा भार ४२.६ टक्क्यांपर्यंत जातो.

स्टेटमेंट वाचताना बाकीचे तुकडे वेगळे करा. साधी खरेदी, हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू आणि कार्डावरून काढलेली रोख रक्कम यांचे दर वेगवेगळे असू शकतात. रोख रकमेला बहुधा बिनव्याजी मुदत मिळत नाही. ती काढल्या दिवसापासून व्याज धावतं आणि वर वेगळी फी असते. घरात कोणी कार्डावरून रोकड काढून दुसऱ्या कार्डाचं बिल भरत असेल, तर ते आधी थांबवा.

आता मागच्या १८ महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि दोन बेरजा करा. व्याज आणि फी मिळून किती गेले, आणि मुद्दल किती कमी झालं. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०१८ पासून हीच कसोटी लावली: १८ महिन्यांत मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कात जास्त पैसे गेले असतील, तर तो ग्राहक सततच्या कर्जात अडकला असं धरायचं आणि कार्ड कंपनीने स्वतःहून त्याच्याशी बोलायचं. तुमच्याकडे तसा नियम असो नसो, कसोटी घरी लावता येते. पहिली बेरीज मोठी निघाली तर आहे तसं चालू ठेवून भागणार नाही.

गळती बंद करणं

कार्डावर मागची बाकी राहिली की बहुतेक ठिकाणी नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मागचं बिल पूर्ण भरलं असतं तर आज घेतलेल्या किराण्यावर पुढच्या ड्यू डेटपर्यंत व्याज लागलं नसतं. बाकी असल्यामुळे त्याच किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून ज्या कार्डावर बाकी आहे, त्यावर एकही नवी खरेदी नको. पॉइंट मिळतात, कॅशबॅक मिळतो, हे खरं आहे. पण शेकडा एक-दोन टक्क्यांच्या बक्षिसासाठी महिन्याला ३ टक्के मोजणं घाट्याचंच.

कार्ड कपाटात ठेवून भागत नाही, कारण आता खर्च कार्ड हातात न घेताच होतो. खरेदीच्या ॲपमधून, टॅक्सीच्या ॲपमधून, फोनच्या वॉलेटमधून कार्डाचे नंबर काढून टाका. आपोआप कापली जाणारी वर्गणी शोधा. त्यातली निम्मी तरी कोणी वापरत नसतं. उरलेली डेबिट कार्डावर किंवा थेट खात्यावर वळवा. ऑनलाइन व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस बंद करायची सोय असेल तर ती वापरा.

प्रत्येक कार्डावर मिनिमम ड्यू खात्यातून आपोआप भरला जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. हा ड्यू डेट चुकू नये म्हणून लावलेला टेकू आहे. ठरवलेली रक्कम त्याच्या वर, पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरायची, ड्यू डेटची वाट पाहायची नाही. व्याज दिवसागणिक मोजलं जात असल्यामुळे पंधरा दिवस आधी भरलेली रक्कम पंधरा दिवसांचं व्याज वाचवते.

बचतीचं काय? एका बाजूला खात्यात पैसे पडून आहेत आणि दुसऱ्या बाजूला कार्डाची बाकी महिन्यामागून महिना पुढे ढकलली जातेय, अशी घरं पुष्कळ. बचतीवर वर्षाला मिळणारं व्याज कार्डाच्या एक-दोन महिन्यांच्या व्याजाइतकंच असतं. हिशोबाने पाहिलं तर सगळी बचत कार्डात ओतायला हवी. तरीही मी सगळी ओता असं म्हणणार नाही. हातात काहीच नसेल तर पुढचं आजारपण किंवा बंद पडलेली गाडी पुन्हा कार्डावरच जाते, आणि त्याबरोबर उमेदही जाते. साधारण एका महिन्याच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवा आणि त्यावरची कार्डात भरा.

कोणतं कार्ड आधी

सगळ्या कार्डांवर मिनिमम ड्यू भरून उरलेली रक्कम एकाच कार्डावर टाकायची, यावर वाद नाही. थोडं थोडं सगळीकडे वाटलं तर कोणतंच कार्ड संपत नाही. कोणतं निवडायचं यावर मात्र दोन मतं आहेत. जास्त व्याजाचं आधी फेडलं तर पैसे सर्वांत जास्त वाचतात. महिन्याला ३.५ टक्क्यांच्या कार्डावर भरलेले जास्तीचे १०,००० पुढच्या महिन्याचे ३५० वाचवतात, तर २.५ टक्क्यांच्या कार्डावर २५०. दुसरं मत म्हणजे सर्वांत लहान बाकी आधी संपवायची, एक खातं बंद झालं की हुरूप येतो. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन या संशोधकांच्या २०१२ सालच्या अभ्यासात खाती बंद करत गेलेली माणसं कर्जमुक्तीपर्यंत पोचण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे या मताला नुसत्या अनुभवापलीकडे थोडा आधार आहे.

माझा कल व्याजाच्या बाजूने आहे. दरांत मोठी तफावत असेल तर महागडं कार्डच आधी. दर जवळपास सारखे असतील किंवा एखादी बाकी दोन महिन्यांत उडवता येण्याजोगी असेल, तर लहान बाकी आधी संपवून एक ड्यू डेट कमी करण्यात शहाणपण आहे. एक कार्ड संपलं की त्याला जाणारी पूर्ण रक्कम पुढच्या कार्डाला जोडायची. घराच्या खर्चात ती मिसळू द्यायची नाही.

शेवटचं बिल पूर्ण भरल्यावरही पुढच्या महिन्यात थोडं व्याज आलेलं दिसतं आणि माणूस चक्रावतो. बिल तयार झाल्याच्या दिवसापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. ते भरून टाका. 'मी तर सगळं भरलंय' म्हणून ती शे-दोनशेची रक्कम सोडून दिली, की त्यावर लेट फी चढते आणि क्रेडिट अहवालात हप्ता चुकल्याची नोंद होते.

एकत्रीकरणाचं कर्ज: आकडे काय म्हणतात

आता मुख्य प्रश्न. तीन-चार कार्डं मिळून ३,००,००० बाकी आहे, सरासरी व्याज महिन्याला ३ टक्के. घरातून महिन्याला जास्तीत जास्त १५,००० निघू शकतात. वर्षाला १६ टक्के दराने पर्सनल लोन काढून सगळी कार्डं क्लिअर करावीत का? तीन वाटा मांडून पाहू.

पहिली वाट, कर्ज न काढता कार्डांवरच महिन्याला १५,००० भरत राहणं. ३१ महिन्यांत सगळं फिटतं आणि व्याजापोटी साधारण १,६५,००० जातात.

दुसरी वाट, बँक पुढे करते ती पाच वर्षांची मुदत. हप्ता ७,२९५. महिन्याचा भार निम्म्यावर आला म्हणून घरात सुटकेचा श्वास. पण ६० हप्त्यांत व्याज जातं सुमारे १,३८,०००. दर निम्म्याहून खाली आला तरी पाच वर्षांत वाचले जेमतेम २७,०००, त्यातून प्रोसेसिंग फी वजा जाणार. शिवाय महिन्याला मोकळे झालेले ७,७०० कुठे गेले, हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही.

तिसरी वाट, कर्ज तेच, दर तोच, पण महिन्याला भरायचे पूर्वीसारखे १५,०००. दोन वर्षांच्या आत सगळं संपतं आणि व्याज जातं ५१,००० च्या आसपास. पहिल्या वाटेपेक्षा एक लाखाहून जास्त बचत, आणि सात महिने आधी सुटका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत फरक फक्त हप्त्याचा आहे. म्हणून कर्ज घेताना मुदत अशी निवडा की हप्ता तुम्ही आज भरत असलेल्या रकमेच्या जवळ राहील. उत्पन्न अनियमित असेल आणि मोठ्या हप्त्याची धास्ती वाटत असेल, तर मुदत लांब घ्या, पण मुदतीआधी थोडी थोडी रक्कम भरायची मोकळीक आहे का, त्यावर दंड किती, आणि अशी रक्कम भरल्यावर मुदत कमी होते की हप्ता, हे आधी लेखी विचारा. आपल्याला मुदत कमी व्हायला हवी आहे.

कर्ज कोणत्या प्रकारचं

विनातारण पर्सनल लोन सरळ असतं: ठरलेला हप्ता, ठरलेला शेवट. दर मात्र तुमच्या क्रेडिट स्कोअरवर आणि उत्पन्नावर ठरतो. कार्डांच्या बाकीने पिचलेल्या माणसाचा स्कोअर आधीच घसरलेला असतो, म्हणून जाहिरातीत दिसणारा दर त्याला बहुधा मिळत नाही. तुम्हाला लेखी सांगितलेला दरच हिशोबात धरा.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे एका कार्डाची बाकी कमी किंवा शून्य व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर हलवणं. सवलतीची मुदत ठरावीक महिन्यांची असते आणि हलवतानाच रकमेच्या काही टक्के फी लागते. इथे एकच हिशोब करायचा: बाकी अधिक फी भागिले सवलतीचे महिने. येणारा आकडा दर महिन्याला खरोखर भरता येणार असेल, तर यासारखा स्वस्त मार्ग नाही. भरता येणार नसेल, तर मुदत संपल्यावर उरलेल्या रकमेवर पुन्हा कार्डाचा नेहमीचा दर लागतो. एखादा हप्ता चुकला तर काही ठिकाणी सवलतच रद्द होते. आणि त्या नव्या कार्डावर खरेदी करू नका, सवलत बहुधा हलवलेल्या बाकीपुरतीच असते.

तिसरा मार्ग म्हणजे त्याच कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून घेणं. बँकेला एक फोन केला की काम होतं, दर कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी असतो. पण तो हप्ता दर महिन्याच्या मिनिमम ड्यूमध्ये पूर्णच्या पूर्ण येतो, मुदतीआधी बंद करायला दंड असू शकतो, आणि एक हप्ता चुकला की कार्डाचा जुना दर परत मागे लागतो.

घर, सोनं किंवा ठेव तारण ठेवून काढलेल्या कर्जाचा दर सर्वांत कमी असतो. ठेवीवरच्या कर्जाबद्दल मला फारशी भीती वाटत नाही. फार तर ठेव जाईल. घराच्या तारणाबद्दल मात्र दहा वेळा विचार करा. कार्डाची थकबाकी विनातारण असते. ती बुडाली तर स्कोअर पडतो, वसुलीचा त्रास होतो, खटला होऊ शकतो, पण देणं थेट घराला चिकटलेलं नसतं. तीच बाकी घरावर टाकली की काल बूट आणि हॉटेलचं बिल असलेल्या खर्चापायी उद्या छप्पर जाऊ शकतं. शिवाय घरावरचं कर्ज दहा-पंधरा वर्षं चालतं, आणि कमी दरानेही इतक्या वर्षांत व्याजाची रास मोठी होते.

नातेवाइकांकडून घेणार असाल तर लिहून घ्या आणि हप्ता ठरवून द्या. बिनव्याजी मिळालेल्या पैशाला तारीख नसते, आणि तारीख नसलेलं देणं नात्यात सलत राहतं.

ऑफरचा कागद वाचताना

'फक्त १० टक्के फ्लॅट' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. फ्लॅट दरात तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. तीन वर्षांसाठी १,००,००० वर १० टक्के फ्लॅट म्हणजे ३०,००० व्याज, हप्ता ३,६११. घटत्या बाकीच्या पद्धतीने काढला तर हाच दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. दोन ऑफर तोलताना दोन्हींचा फी धरलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, मागा. भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जांसाठी हा दर आणि सगळे शुल्क एकत्र दाखवणारं 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं आहे. इतर अनेक देशांतही असा खुलासा द्यावा लागतो. तो न देता सही मागणारा माणूस समोर असेल तर उठा.

हातात प्रत्यक्ष किती पडणार ते विचारा. ३,००,००० मंजूर झाले आणि २ टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापली, तर खात्यात येतात २,९४,०००. कार्डांची बाकी ३,००,००० होती. मग ६,००० कार्डावर तसेच राहतात, त्यावर तेच ३ टक्के, तीच ड्यू डेट, आणि कार्ड जिवंत ठेवायला एक कारण. कापून येणारी फी आणि पैसे पोचेपर्यंत चढणारं व्याज धरून कर्जाची रक्कम ठरवा किंवा तेवढी भर स्वतःच्या खिशातून घाला. गरजेपेक्षा जास्त रक्कम मात्र घेऊ नका. 'तुम्ही पाच लाखांना पात्र आहात' हे वाक्य ऐकून तीनचे पाच करणाऱ्यांची कार्डंही भरलेली राहतात आणि कर्जही.

विम्याची ओळ शोधा. कर्जासोबत विमा जोडून त्याचा हप्ता कर्जातच मिसळायची प्रथा अनेक ठिकाणी आहे. विमा हवा असेल तर वेगळा घ्या. सक्तीचा आहे का, हे लेखी विचारलं की तो बऱ्याचदा ऐच्छिक निघतो. दर स्थिर आहे की बदलता, हप्ता चुकल्यास दंड किती, लवकर बंद केल्यास किती, एवढं पाहून मगच सही करा. आणि एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जागणिक स्कोअरची चौकशी नोंदली जाऊन तो खाली येऊ शकतो. अर्ज न करता अंदाजे दर सांगणारी चौकशी कुठे मिळते ते आधी पाहा.

पैसे आले त्या दिवशी

शक्य असेल तर कर्ज देणाऱ्यालाच थेट कार्डांवर पैसे भरायला सांगा. खात्यात आले तर त्याच दिवशी भरा. त्याआधी प्रत्येक कार्ड कंपनीला विचारा, 'आज पूर्ण बंद करायला किती लागतील?' स्टेटमेंटवरचा आकडा जुना असतो. महिनाभराने पुन्हा एकदा सगळी कार्डं तपासा, वर सांगितलेलं मागून येणारं व्याज दिसलं तर भरा.

मग कार्डं बंद करायची की ठेवायची? स्कोअरच्या दृष्टीने जुनं कार्ड रिकामं ठेवणं बरं, कारण एकूण मर्यादेच्या किती टक्के वापरता याला महत्त्व असतं. पण स्कोअरपेक्षा घर महत्त्वाचं. कार्ड रिकामं झालं की हात त्याच्याकडे वळतो हे स्वतःबद्दल माहीत असेल, तर बंद करा. मधला मार्ग म्हणजे सर्वांत जुनं, वार्षिक फी नसलेलं एक कार्ड मर्यादा कमी करून ठेवणं आणि बाकी बंद करणं. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणलेल्या नियमानुसार, बाकी नसलेलं कार्ड बंद करायची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, नाहीतर बँकेकडून ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड मिळतो. विनंती ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते.

एकत्रीकरण फसतं ते बहुधा या पहिल्या वर्षात. कार्डं रिकामी दिसतात, हप्ता वेळेवर जातो, सगळं मार्गी लागल्यासारखं वाटतं आणि एखाद्या सणाला किंवा सहलीला पुन्हा एक स्वाइप होतो. वर्षभराने कर्जही असतं आणि कार्डावर नवी बाकीही. म्हणून बाकी मुळात कशाने वाढली, हे कर्जाआधीच शोधावं लागतं. नोकरी गेली, दवाखाना झाला, अशा एकदाच आलेल्या कारणाने वाढली असेल तर एकत्रीकरण चांगलं काम करतं. दर महिन्याचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त असेल, तर आधी ती तफावत मिटवा. तोवर कुठलंही कर्ज, कितीही स्वस्त असलं तरी, घेऊ नका.

हप्ताच झेपत नसेल तर

उत्पन्न इतकं घटलंय की मिनिमम ड्यूही निघत नाही, अशा वेळी नव्या कर्जाच्या मागे लागू नका. ते बहुधा मिळणार नाही आणि मिळालं तर महाग मिळेल. हप्ता चुकायच्या आधी कार्ड कंपनीला लेखी कळवा. काय घडलं, किती महिने अडचण राहील, दरमहा किती देऊ शकता. व्याज कमी करणं, फी माफ करणं, बाकी हप्त्यांत बांधून देणं, असे अधिकार त्यांच्याकडे असतात, आणि थकण्याआधी आलेल्या ग्राहकाशी ते बरं बोलतात. झेपणार नाही असा आकडा दबावाखाली कबूल करू नका.

सेटलमेंट, म्हणजे बाकीतली काही रक्कम एकरकमी भरून मिटवणं, हा शेवटचा उपाय ठेवा. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद राहिली की पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड होतं, आणि काही देशांत माफ झालेली रक्कम उत्पन्न समजून कर लागतो. करायचंच असेल तर रक्कम, तारीख आणि 'यानंतर कोणतीही बाकी नाही' हे शब्द असलेलं पत्र हातात आल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. फोनवरचा शब्द वसुली एजंट बदलला की नाहीसा होतो. आधी फी घेऊन 'तुमचं कर्ज निम्मं करून देतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. कर्ज सल्ला देणाऱ्या ना-नफा संस्था अनेक देशांत मोफत किंवा नाममात्र शुल्कात मदत करतात.

आणि कर्ज पूर्ण फिटलं की कर्ज देणाऱ्याकडून 'नो ड्यूज' पत्र घ्या, खात्यातून आपोआप हप्ता कापायची सूचना रद्द करा, तारण ठेवलं असेल तर कागदपत्रं परत घ्या. दोन महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढून कर्जाचं आणि बंद केलेल्या प्रत्येक कार्डाचं खातं 'बंद' आणि बाकी शून्य अशी नोंद आहे का ते पाहा. नसेल तर ते पत्र जोडून क्रेडिट ब्युरो (हा अहवाल तयार करणारी संस्था) आणि बँक दोघांकडेही लेखी तक्रार करा.